शाळेचा संघ, तालमीचा संघ, देशाचा संघ

आजच्या विषयाचं नाव पत्रिकेवर ‘शालेय आणि महाविद्यालयीन फुटबॉल’ असं छापलंय. नाव जरा रुक्ष आहे, पण आपण ज्या शहरात बसलो आहोत तिथंच या विषयाचा एक धागा सापडतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

ऑक्टोबर २०१७. नेरूळचं डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम. १७ वर्षांखालील मुलांचा फिफा विश्वचषक पहिल्यांदाच भारतात आला होता. आपल्याकडे साखळीतले सामने झाले, बाद फेरीतला सामना झाला आणि २५ ऑक्टोबरला स्पेन विरुद्ध माली ही उपांत्य लढतही झाली. ती स्पेननं ३–१ अशी जिंकली. त्या रात्री गोल करणाऱ्यांत फेरान टोरेस होता, जो पुढे बार्सिलोनाकडून खेळला. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा गॅलरीत असतील.

पण त्या स्पर्धेत नेरूळला भारताचा एकही सामना झाला नाही. आधी ठरलं होतं की भारत आपले साखळी सामने इथंच खेळणार. नंतर सरकारच्या विनंतीवरून ते दिल्लीला, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर हलवले गेले. नवी मुंबईकरांनी न्यूझीलंड, तुर्कस्तान, पॅराग्वे, माली यांना टाळ्या वाजवल्या आणि भारताला टीव्हीवर पाहिलं. आता इतक्या वर्षांनी त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली. त्या २१ जणांच्या भारतीय संघात दोन मराठी मुलं होती आणि ती संघात दोन अगदी वेगळ्या वाटांनी आली होती. एक कोल्हापूरचा अनिकेत जाधव, दुसरा नमित देशपांडे. नमितचा जन्म मुंबईचा, पण तो वाढला अमेरिकेत, न्यू जर्सीत.

फुटबॉलपटू घडतो कुठं, शाळेत, कॉलेजात, क्लबात की गल्लीत, हा प्रश्न समजून घ्यायला आम्हाला या दोन मुलांची जोडी फार उपयोगी वाटते.

आधी कोल्हापूर. मुंबई-पुण्याकडच्या माणसाला तिथला फुटबॉल पटकन कळत नाही. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की कॉन्व्हेंट शाळा, पाद्री, मिलिटरी, रेल्वे अशी चित्रं डोळ्यासमोर येतात. कोल्हापुरात तो तालमीत शिरला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं ऐका. यातली निम्मी नावं कुस्तीच्या आखाड्याची वाटतात, आणि ती मुळात तशीच आहेत. १९४० मध्ये संस्थानच्या आश्रयानं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली आणि छत्रपती शाहू स्टेडियमवर पेठेविरुद्ध पेठ असे सामने रंगू लागले. तिथं पोरगं कुठल्या शाळेत जातं हे कुणी विचारत नाही, कुठल्या तालमीचं आहे हे विचारतात. सामना हरला की आठवडाभर चहाच्या टपरीवर तोंड दाखवायची सोय नसते. खेळाडूला ओळख मिळते, पेठेचं प्रेम मिळतं, क्वचित थोडेफार पैसेही मिळतात. पण या सगळ्या व्यवस्थेत शाळा कुठंच येत नाही. कॉलेजचा तर विषयच नाही.

अनिकेत या शहरातला. जन्म २०००चा, वडील रिक्षाचालक. त्याची वाट मात्र पेठेच्या संघातून वर गेली नाही. ती गेली क्रीडा प्रबोधिनीतून.

क्रीडा प्रबोधिनी म्हणजे काय, हे तरुण मंडळींसाठी सांगायला हवं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्र सरकारनं ही निवासी योजना सुरू केली. लहान वयात चाचण्या घेऊन मुलं निवडायची, त्यांना वसतिगृहात ठेवायचं, राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण सगळं सरकारनं करायचं. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात तिचं मोठं केंद्र आहे. आई-बापांच्या दृष्टीनं हा केवढा निर्णय असतो याचा विचार करा. पोर दहा-बारा वर्षांचं असताना घराबाहेर काढायचं, तेही अशा खेळासाठी ज्यात पुढे पैसा आहे की नाही हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. डॉक्टर-इंजिनीअरच्या वाटेवर निदान आधी गेलेल्यांची पावलं दिसतात.

तर अनिकेत प्रबोधिनीतून पुण्यातल्या अकादमीत आणि तिथून देशाच्या संघाच्या तयारीत गेला. आता एक लक्षात घ्या. आपल्याला वाटतं की ही शालेय कारकीर्द झाली. आमच्या मते नाही. प्रबोधिनीत शाळा असते, पण ती खेळाला जोडलेली सोय असते. मुलगा शाळेसाठी खेळत नाही, खेळता यावं म्हणून शाळेत जातो. शब्द तेच असले तरी दोन्हीत बराच फरक आहे.

आता न्यू जर्सी. तिथल्या हायस्कूलचा पहिला संघ, ज्याला व्हार्सिटी म्हणतात, ही गावाची गोष्ट असते. शुक्रवारी संध्याकाळी सामना, गावातल्या पेपरात बातमी, जाकिटावर शिवायला शाळेचं अक्षर. चांगला खेळणाऱ्या पोराला पाहायला कॉलेजांचे प्रशिक्षक येतात. दहावी-अकरावीच्या वयातच कुठलं कॉलेज त्याला घेणार याची बोलणी सुरू होतात. म्हणजे गुणपत्रिका आणि गोल एकाच फायलीत लागतात. गुण कमी पडले तर गोल कितीही असोत, प्रवेश अडतो. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. तिकडे खेळ टिकवायला गुण लागतात. हा उलटा व्यवहार आम्हाला फार बोलका वाटतो.

इथं आपल्या लोकांचा एक गोड गैरसमज आहे. अमेरिकेत मुलगा फुटबॉल खेळला की कॉलेज फुकट, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या सर्वोच्च गटात कित्येक वर्षं नियम असा होता की मुलांच्या फुटबॉल संघाला मिळून एकूण ९.९ शिष्यवृत्त्या. दहासुद्धा नाहीत. आणि संघात मुलं पंचवीस ते तीस. त्या ९.९चे तुकडे करून वाटायचे, कुणाला निम्मी, कुणाला पाव, कुणाला नुसती टोपी. मुलींच्या संघाला १४. २०२५ पासून ही पद्धत बदलली, पण आपण ज्या काळाबद्दल बोलतोय त्या काळात ती होती. शिवाय तेव्हा अट अशी होती की एकदा व्यावसायिक करार केला की कॉलेजच्या संघाचं दार साधारणपणे बंद.

मुलींना १४ आणि मुलांना ९.९, हे का? या एका आकड्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि आजच्या व्याख्यानाचा खरा गाभा आम्ही तोच मानतो. त्यामुळे इथं थोडं थांबू.

जून १९७२ मध्ये अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यात एक कलम आलं. ‘टायटल नाइन’ या नावानं ते ओळखलं जातं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. मूळ कलमात खेळ हा शब्दही नाही. पण शाळा-कॉलेजातला खेळ हा शिक्षणाचा भाग, म्हणून तिथंही मुलींना मुलांच्या बरोबरीची संधी द्यावी लागली. मुलांच्या अमेरिकन फुटबॉलला, म्हणजे त्या हेल्मेटवाल्या खेळाला, शिष्यवृत्त्यांचा प्रचंड वाटा जातो. ती तागडी समतोल करायला कॉलेजांनी मुलींच्या सॉकरला हात सढळ केला. म्हणून १४. कायदा लागू होण्याआधी अमेरिकेतल्या हायस्कूलांत सॉकर खेळणाऱ्या मुलींची संख्या ७०० च्या आसपास नोंदलेली आहे. २०१७–१८ च्या सुमारास ती ३ लाख ९० हजारांच्या घरात होती. कायद्याचं एक कलम मैदानं भरवतं म्हणतात ते असं.

त्या कलमाच्या तीनच महिने आधी, मार्च १९७२ मध्ये, मिया हॅम जन्मली. हायस्कूल आणि कॉलेजमधली कारकीर्द म्हणजे काय, याचा नमुना म्हणून जगात कुणाचंही नाव घ्यायचं तर आम्ही तिचं घेऊ. वडील हवाई दलात, त्यामुळे सतत बदल्या. टेक्सासमधल्या एका शाळेत खेळली, मग व्हर्जिनियातल्या लेक ब्रॅडॉक शाळेत, आणि १९८९ मध्ये त्या शाळेला राज्य विजेतेपद मिळालं. पण त्याच्या दोन वर्षं आधीच, १९८७ मध्ये, पंधराव्या वर्षी ती राष्ट्रीय संघाकडून खेळली होती. वर्गात गणित आणि मैदानात चीन! तिथून ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेली. प्रशिक्षक होते अ‍ॅन्सन डोरन्स. तेच राष्ट्रीय महिला संघाचेही प्रशिक्षक होते. आपल्याकडे असं झालं असतं तर वर्तमानपत्रांनी पक्षपाताच्या बातम्या चालवल्या असत्या, आणि कदाचित बरोबरच केलं असतं. पण तिथं त्याचा परिणाम असा झाला की कॉलेजचा सराव आणि देशाचा सराव जवळजवळ एकच झाला. मुलींची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या पहिल्या १९ पैकी १६ वेळा हेच विद्यापीठ जिंकलं. हॅमच्या काळात चार विजेतेपदं, तिचे १०३ गोल, आणि ती खेळलेल्या ९५ सामन्यांत हार फक्त एकदा. मधे १९९१ मध्ये कॉलेजचा एक हंगाम सोडून ती चीनला गेली, महिलांचा पहिला विश्वचषक खेळली आणि जिंकून परत आली. तेव्हा ती १९ वर्षांची होती आणि संघात सर्वांत लहान. तिचा १९ क्रमांकाचा शर्ट विद्यापीठानं नंतर कायमचा निवृत्त केला. पदवी राज्यशास्त्राची.

आम्ही हे एवढं सांगतो ते कौतुकासाठी नाही. मुद्दा असा की तिच्या आयुष्यात एकदाही ‘खेळ की शिक्षण’ असा चौक आला नाही. रस्ता एकच होता.

आता परत नेरूळला येऊ. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरमध्ये भारताचा पहिला सामना अमेरिकेशी. अमेरिका ८, भारत ०. पुढे मोरोक्कोकडून ०–३, ब्राझीलकडून ०–५. त्या आठ गोलांतला शेवटचा गोल मिया भुता या मधल्या फळीतल्या मुलीचा. पिट्सबर्गची, वडिलांकडून भारतीय वंशाची. पाहणाऱ्या कितीतरी घरांत त्या क्षणी काय वाटावं हेच कळलं नसेल. दहा दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, हाच अमेरिकेचा संघ आपल्या डी. वाय. पाटीलवर नायजेरियाशी खेळला, १–१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ३–४ नं हरून घरी गेला. योगायोग म्हणा, २०१७ मध्येही अमेरिकेची मुलं याच मैदानावर कोलंबियाकडून १–३ अशी हरली होती. नेरूळचं पाणी अमेरिकनांना मानवत नाही म्हणायचं!

पण गंमत बाजूला ठेवू. त्या अमेरिकी मुली हरल्या आणि परत जाऊन काय केलं? शाळा पूर्ण केली आणि कॉलेजात गेल्या. मिया भुता स्टॅनफर्डच्या संघात गेली. हा संघ २०११, २०१७ आणि २०१९ चा राष्ट्रीय विजेता, आणि विद्यापीठ म्हणून स्टॅनफर्डबद्दल आपल्या मराठी पालकांना वेगळं सांगायला नको. विश्वचषकात हरणं ही तिच्यासाठी अकरावी-बारावीतली एक घटना झाली. आपल्या मुलींसाठी तो विश्वचषक हेच शिखर होतं, आणि त्यानंतर उतरायला पायऱ्या नव्हत्या. ८–० चं खरं अंतर आम्ही तिथं मोजतो.

मग आपल्याकडे कॉलेज ही पायरी कधीच नव्हती का? होती, काही काळ, काहींसाठी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या भारतीय संघाचे कर्णधार डॉ. तालिमेरेन आओ हे कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. आज ते आर. जी. कर म्हणून ओळखलं जातं. दिवसा शरीरशास्त्र, संध्याकाळी मोहन बागान. फ्रान्सकडून भारत १–२ असा हरला, बहुतेक खेळाडू अनवाणी होते, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच संघाचा कर्णधार पुढे डॉक्टर झाला आणि नागा टेकड्यांत रुग्णसेवा करत राहिला, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

त्यानंतरच्या दशकांत फुटबॉलपटूचं कॉलेज म्हणजे नोकरी झालं. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप होता, कूपरेजला गर्दी व्हायची. टाटा, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया, आरसीएफ, महिंद्र असे संघ होते. अठरा-एकोणीस वर्षांचा गुणी पोरगा हेरायचा आणि त्याला मस्टरवर घ्यायचं. सकाळी सराव, दुपारी सही, महिन्याला पगार, म्हातारपणी पेन्शन. आमच्या मते या व्यवस्थेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गिरणगावातल्या आणि चाळीतल्या कितीतरी घरांना तिनं स्थैर्य दिलं. पण तिचा एक परिणाम झाला, कॉलेजची गरजच उरली नाही. बी. ए. करून जी नोकरी मिळणार, ती बारावीला फुटबॉलवर मिळत होती. मग गिरण्या गेल्या, कंपन्यांना संघ परवडेनासे झाले. महिंद्र युनायटेड २००६ मध्ये देशाची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. एव्हाना रोव्हर्स कपही इतिहासजमा झाला होता. नोकरीची शिडी काढून घेतली आणि कॉलेजची शिडी आपण कधी उभीच केली नव्हती.

शाळेची शिडी मात्र होती. १९६० पासून दिल्लीत सुब्रतो कप होतो. सिक्कीमचा बायचुंग भुतिया १९९२ च्या सुब्रतो कपमध्ये सर्वोत्तम ठरला, ताशी नामग्याल अकादमीचा विद्यार्थी. वर्षभरात ईस्ट बंगालनं उचलला, वय सोळा. सुनील छेत्रीचंही तेच, कोलकात्याच्या आशुतोष कॉलेजात नाव घातलं आणि थोड्याच काळात मोहन बागान. म्हणजे आपले दोन सर्वांत मोठे आधुनिक खेळाडू शाळेतून थेट क्लबात गेले, कॉलेज त्यांच्या वाटेवर आलं आणि मागे पडलं. त्यांचं सोनं झालं. पण त्याच सुब्रतो कपमध्ये त्यांच्याबरोबर खेळलेली बाकीची मुलं सतराव्या वर्षी स्पर्धेच्या वयाबाहेर गेली, समोर बारावी होती आणि हातात काहीच नव्हतं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता कुणी म्हणेल, मग अमेरिकेचंच करावं. जरा थांबा. मुलांच्या बाबतीत अमेरिका स्वतःच त्या वाटेवरून सरकते आहे. २००७ मध्ये तिथल्या फुटबॉल महासंघानं अकादमींची लीग सुरू केली आणि २०१२ पासून त्यात खेळणाऱ्या मुलांना स्वतःच्या हायस्कूलकडून खेळायला बंदी घातली. शाळेचं जाकीट की अकादमी, निवडा. २०२० मध्ये ती लीग बंद झाली, पण वळण लागून गेलं. २०१७ मध्ये दिल्लीत भारताला ३–० नं हरवणाऱ्या अमेरिकी संघात जॉश सार्जंट होता, तो कॉलेज न करता जर्मनीला वेर्डर ब्रेमेनमध्ये गेला. टिम वेआ तर आधीच पॅरिसच्या क्लबात होता. म्हणजे मुलांची अमेरिका युरोपसारखी होते आहे, आणि मुलींची अमेरिका अजून विद्यापीठात आहे, कारण तिथं कायद्याचा टेकू आहे.

त्या ६ ऑक्टोबरच्या सामन्यात अनिकेत आघाडीला खेळला. नमित संघात होता आणि समोर तोच देश होता जिथं तो वाढला. भारताकडून खेळायला भारताचाच पासपोर्ट लागतो, परदेशी नागरिकत्व घेतलं की दार बंद, हा आपला नियम. परदेशी राहणाऱ्या भारतीय मुलांचा शोध घेताना तो सापडला. तसाच कॅनडात वाढलेला गोलरक्षक सनी धालीवाल. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध नमित बचावफळीत उतरला. त्याच सामन्यात जिक्सन सिंगनं ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवरून हेडर मारला आणि फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल झाला. सामना १–२ असा गेला. एकाच संघात कोल्हापूरचा रिक्षाचालकाचा मुलगा आणि न्यू जर्सीच्या देशपांड्यांचा मुलगा, आणि दोघंही आपसात मराठी बोलू शकतील असे. आम्हाला हे चित्र फार आवडतं.

अनिकेतचं पुढे काय झालं? त्या संघाची मुलं विखुरू नयेत म्हणून महासंघानं त्यांना इंडियन अ‍ॅरोज या नावानं आय-लीगमध्ये उतरवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये चेन्नई सिटीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात ३–० असा विजय, त्यात दोन गोल अनिकेतचे. मग जमशेदपूर, मग हैदराबाद, आणि मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात तो होता. चांगली कारकीर्द आहे. पण अ‍ॅरोजचा संघ २०२२ मध्ये बंद करण्यात आला. म्हणजे १७ ते २० या वयातल्या मुलांसाठी देशानं बांधलेला एकमेव पूलही गेला. अमेरिकेत नेमक्या याच वयाला कॉलेज म्हणतात.

शेवटी आपल्या शहराचं. २०१७ मध्ये १५ सप्टेंबरला राज्यात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा घाट सरकारनं घातला होता, शाळाशाळांत चेंडू वाटले गेले. त्यातले किती चेंडू पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकले ते तुमच्या शाळेच्या शिपायाला विचारा. दुसरीकडे घणसोलीत २०१५ पासून रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी चालते, देशभरातून मुलं निवडून आणतात, राहणं-शिकणं-खेळणं एकत्र. प्रबोधिनीचंच खासगी आणि श्रीमंत भावंड म्हणा. तिथून मुलं आयएसएलच्या क्लबांत जातातही. आणि या दोन्हींच्या मधे वाशी, नेरूळ, खारघर, पनवेलची शेकडो मुलं आहेत, जी संध्याकाळी सिडकोच्या मैदानावर बूट घालून येतात आणि अकरावीच्या जूनपासून येणं बंद करतात, कारण सहा वाजता क्लास असतो. प्रशिक्षक मंडळी इथं बसली आहेत, त्यांनी मान डोलावली. त्या मुलांसाठी मुंबई विद्यापीठाचा संघ आहे, आंतरविद्यापीठ स्पर्धाही आहे. पण एखाद्या पालकाला तुम्ही सांगून पाहा की अमुक कॉलेजात घाला, तिथला फुटबॉल चांगला आहे. तो तुमच्याकडे कसा बघेल ते आम्हाला सांगायला नको.

वेळ झाली आहे, खालून चिठ्ठी आली. पहिल्या रांगेतल्या त्या मुलीचा हात मघापासून वर आहे, तिच्यापासून प्रश्नांना सुरुवात करू. माइक जरा तिच्याकडे द्या.